शिक्क्यापुरती जागा

विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. त्याची काही चूक नव्हती. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पाळला. नियम पाळणाऱ्यांची नावं छापायची आपल्याकडे पद्धत नाही.

रक्षा कुमरे ही आर्वीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलगी. मी तिथे राज्यशास्त्र शिकवतो. तिचं गाव आर्वीपासून बावीस किलोमीटरवर, जंगलाला टेकलेलं. घरात ही माणसं गोंडी बोलतात, रस्त्यावर वऱ्हाडी बोलतात, आणि आमच्या कॉलेजात आली की गप्प बसतात. बाप पुनाजी वनविभागाच्या कामावर मजूर. आई शकुबाई रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरते. रक्षाला बारावी सायन्सला सत्त्याऐंशी टक्के पडले. आमच्याकडे इतके टक्के याआधी कोणाला पडले होते हे शोधायला आम्ही जुनी रजिस्टरं काढली, आणि शोध अर्ध्यातच सोडला, कारण रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती.

ही वाळवी लक्षात ठेवा.

आमची संस्था दरवर्षी जूनमध्ये गुणवंतांचा सत्कार करते. शाल पाहुण्यांना, नारळ पालकांना आणि स्मृतिचिन्ह विद्यार्थ्यांना. त्या सत्कार समितीचा मी नऊ वर्षांपासून सचिव. समितीचं लेटरहेड माझ्या बॅगेत कायम असतं. कुठे कोणाला निमंत्रण द्यावं लागेल सांगता येत नाही. यंदाच्या बैठकीत मी म्हणालो, स्मृतिचिन्हांचं काय होतं? चार दिवस टीव्हीवर राहतात, मग पोरं भातुकलीत घेतात. त्यापेक्षा मुलांच्या टी.सी. अजून आपल्या ऑफिसातच आहेत, मार्कशीटही आहेत. त्या लॅमिनेट करून देऊ. पाण्यानं भिजायच्या नाहीत, वाळवी लागायची नाही, आणि संस्थेची आठवण जन्मभर राहील.

अध्यक्ष म्हणाले, "वा."

आमच्या संस्थेत अध्यक्ष 'वा' म्हणाले की ठराव झाला. बसस्टँडजवळच्या रूपरावच्या झेरॉक्स सेंटरवर एकेचाळीस मुलांचे ब्याऐंशी मूळ कागद एका दुपारी प्लॅस्टिकमध्ये गेले. रूपरावनं एकदा विचारलं होतं, "सर, ओरिजनलच करू का जी?" मी म्हणालो, "मग काय झेरॉक्स करतोस?" तो हसला. मीही हसलो.

कार्यक्रमात अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं एकेक कागद दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता : दस्तऐवज संवर्धनाचा अभिनव उपक्रम. खाली फोटो. डावीकडे अध्यक्ष, उजवीकडे रक्षा, मध्ये तिची टी.सी. टी.सी.वर कॅमेऱ्याचा लखलखाट पडल्यामुळे तिच्यावरचं काही वाचता येत नव्हतं, पण चमकत होती छान.

जुलैत विद्यापीठाचा मेल आला. रक्षाचा फॉर्म मी भरला होता, म्हणून मेल माझ्याच फोनवर. वनशास्त्राचा चार वर्षांचा अभ्यासक्रम, तीस जागा. त्यात जंगलभागातल्या मुलांसाठी राखलेली एक जागा. त्या जागेला शिक्षणाची फी नाही, वसतिगृहाची नाही, जेवण मोफत. ती एक जागा रक्षाला देऊ केली होती. अमुक तारखेला पालकांसह या, विद्यापीठ पाहा, मूळ कागद तपासून घ्या आणि संध्याकाळी पाचच्या आत प्रवेश निश्चित करा. पाचनंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला जाईल. त्याखाली अकरा सूचना होत्या. मी सात वाचल्या. सातवी गणवेशाच्या रंगाची होती, त्यावरून पुढच्यांचा मला अंदाज आला.

पुनाजी घरी आला. दारातच चप्पल काढून उभा राहिला.

"जय सेवा, सर. तुमी चाला जी संगं. आमाले तिथं कोन विचारते?"

"अरे, मुलीला विचारतात. तुझं काय काम?"

"म्हूनच म्हनतो. तुमी राहाल तं बरोबर राह्यते."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. कोणी आपल्याला सोबत नेतं तेव्हा माणूस आपण किती उपयोगी आहोत याच्या विचारात आरामात बसतो. सकाळच्या सात वाजताच्या एसटीत मी खिडकीशी होतो. पुनाजीनं सत्काराला घातलेला पांढरा सदरा घातला होता. त्याच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, तिच्यात उन्हाळ्यात वेचलेली चारोळी. कोणासाठी, विचारलं, तर म्हणाला, "तिथं जो कोनी असंल त्याले." रक्षाच्या हातात फाईल. अधूनमधून ती फाईल उघडून टी.सी. पाहायची आणि परत बंद करायची.

बोरगाव मेघे मागे पडलं की मोकळं रान लागतं आणि मग अचानक कमान येते. कमान इतकी मोठी की तिच्यामागचं विद्यापीठ शोधावं लागतं. सभागृहात आमच्यासारखीच माणसं बसलेली होती. आया नव्या साड्यांमध्ये, बाप इन केलेले, पोरं मोबाइलमध्ये. पडद्यावर विद्यापीठ दिसत होतं. ते बाहेरच्यापेक्षा हिरवं होतं.

आमच्या शेजारी पुलगावच्या शोभाबाई होत्या, त्यांची मुलगी स्वीटी पलीकडे. शोभाबाईंनी बसल्या बसल्या शेंगदाण्याचे लाडू काढले आणि आम्हा तिघांना एकेक दिला.

"तुमच्या पोरीचं झालं का जी?"

"झालं," पुनाजी म्हणाला. "ते एक जागा राह्यते न, जंगलवाल्यांची. ते भेटली."

शोभाबाई लाडू चावायच्या थांबल्या. "अस्सं. आमची स्वीटी त्याच्याच वेटिंगले पयली हाये. आमचं गावबी जंगलपट्टीत येते, आता पुलगावले राह्यतो म्हून काय झालं. म्हटलं जाऊन बसू. कोनाचं काई रद्द झालं तं—" मग त्यांनी जीभ चावली. "नाई म्हंजे, तुमचं नाई म्हनत मी."

"तुमच्या पोरीलेबी द्या न लाडू," पुनाजी म्हणाला. "बसा तुमी, बाई. कोनाचं नशीब कोनी खात नाई."

स्वीटीनं वर पाहिलं नाही. ती नखं खात होती.

मग वनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी, प्रेमदास सरांनी, आम्हाला विभागाची बाग दाखवायला नेलं. प्रत्येक झाडाला पितळी पाटी. शास्त्रीय नाव, मराठी नाव, उपयोग. पुनाजी एका झाडापाशी थांबला. पाटीवर 'अर्जुन' लिहिलेलं. वाचता त्याला फारसं येत नाही. रक्षाकडून वाचून घेतलं, मग झाडाच्या खोडावर तळहात ठेवला, जसा आपण ओळखीच्या माणसाच्या पाठीवर ठेवतो.

"हा येन होय जी," तो म्हणाला. ऐनाला तिकडे येन म्हणतात. "कहू तिकडं हाये. त्याले याची पाटी लागली अन् याले त्याची."

"अर्जुनाले आमी कहू म्हनतो सर," रक्षा म्हणाली. "त्याची साल पांढरी, गुळगुळीत राह्यते. याची पाहा, सुसरीच्या पाठीवानी."

प्रेमदास सरांनी मागे वळून पाहिलं. बाकीचे पालक सेल्फी पॉइंटवर होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला माहीत आहे. सहा वर्षं झाली. पण पाट्यांचं अनावरण झालंय. तिकडे कोनशिला आहे. आता पाटी बदलायची म्हणजे ज्यांनी अनावरण केलं त्यांना कळवावं लागेल, की साहेब, तुम्ही चुकीच्या पाटीवरचा पडदा ओढला. कोण कळवणार?"

मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं. संस्थेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

"मंग पोरं काय शिकतात?" रक्षानं विचारलं.

"पाटी वाचतात. पेपरात साल येत नाही." मग तिच्याकडे नीट पाहून म्हणाले, "तू मात्र ये. साल पाहून झाड सांगणारं पोर मला इथे अजून भेटलं नाही. वडील कुठे असतात?"

"हेच माहे बाबा."

प्रेमदास सरांनी पुनाजीला नमस्कार केला. पुनाजी इतका गोंधळला की चारोळीची पिशवी त्यानं तिथेच त्यांच्या हातात दिली.

वसतिगृहही पाहिलं. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. खिडकीतून पाण्याची टाकी आणि तिच्यामागे थोडं रान दिसत होतं. रक्षा खिडकीकडच्या खाटेवर बसली, लगेच उठली आणि चादरीवर पडलेली सुरकुती हातानं सारखी केली. पुनाजीनं खिडकीची कडी लावून पाहिली, काढून पाहिली. मग खिशातून रुमाल काढून खाटेच्या उशाशी ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"जागा धरून ठेवतो जी."

"अरे, एसटी आहे का ही?"

"राहू द्या न सर. कोनी आलं तं त्याले समजंल, इथं मानूस हाये म्हून."

रक्षा हसली. त्या दिवशी ती हसल्याचं मला एवढं एकदाच आठवतं.

जेवून अडीचला आम्ही कागद तपासणीच्या खिडकीशी आलो. खिडकीमागे काजल मॅडम होत्या, पंचविशीच्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी मार्कशीट कॉम्प्युटरवर तपासली, जातीचा दाखला पाहिला, आधार पाहिलं. सगळं बरोबर. मग टी.सी. हातात घेतली, उलटवली, आणि शिक्का उचललेला हात हवेतच राहिला.

"यावर शिक्का कुठे मारू मी?"

"मागं जागा हाये न जी," पुनाजी म्हणाला.

मॅडमनी बोलण्यापेक्षा दाखवणं पसंत केलं. त्यांनी शिक्का मारला. 'प्रवेश दिला' अशी जांभळी अक्षरं उमटली. मग त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. अक्षरं अंगठ्याला आली आणि प्लॅस्टिक पहिल्यासारखं स्वच्छ झालं.

"बघा. मूळ टी.सी.च्या मागे शिक्का आणि सही पाहिजे. म्हणजे हीच टी.सी. दुसरीकडे कोणी चालवू शकत नाही. सूचना क्रमांक नऊ. वाचल्या नाहीत का सूचना?"

मी सातव्या सूचनेपर्यंत वाचल्याचं सांगून काही फायदा नव्हता.

"लॅमिनेशन कोणी सांगितलं करायला?"

पुनाजीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही; माशी उडवायला लागतो तेवढाच. मग खिडकीकडे वळला.

"घरीच केलं जी. आमच्याकडं वाळवी लय हाये."

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो. त्यावर विद्यापीठाच्या बागेचं चित्र होतं. चित्रात येनाला अर्जुनाचीच पाटी होती.

काजल मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आत फोन केला. प्रेमदास सर धावत आले, तोंडात चारोळी होती. त्यांनी टी.सी. पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"असं करू," ते म्हणाले. "घरच्यांच्या हातून झालं असेल तर नियमात काही बसत नाही. पण हे कॉलेजकडून झालं असेल, तर कॉलेजनं तसं लेटरहेडवर लिहून द्यावं. 'आमच्याकडून चुकीनं झालं, दुसरी प्रत देतो.' दोन ओळी. मी स्वतः कुलसचिवांकडे घेऊन जातो. सात दिवस मिळतील. मागच्या वर्षी एकाला मिळाले." मग त्यांनी पुनाजीला विचारलं, "नक्की घरीच केलं ना?"

पुनाजीनं मान खाली घातली. मी परत कॅलेंडरकडे वळलो. प्रेमदास सर आम्हा दोघांकडे पाहून म्हणाले, "पाचपर्यंत मी वर आहे."

बाहेर व्हरांड्यात रक्षा माझ्यासमोर उभी राहिली. दोन वर्षांत ती माझ्याशी स्वतःहून कधी बोलली नव्हती.

"सर, लेटरहेड राह्यते न तुमच्या बॅगमंधी."

"राहतं ना."

"मंग?"

आता मला जे सांगायचं आहे ते सरळ सांगतो. आमच्या प्राचार्यांना निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. खुर्ची रिकामी होती. प्रभारी म्हणून कोणाला बसवायचं याची फाईल अध्यक्षांच्या टेबलावर होती, आणि तिच्यात दोन नावं होती, त्यातलं एक माझं. 'अभिनव उपक्रमा'चं कात्रण अध्यक्षांनी काचेखाली लावलं होतं. त्या फाईलच्या शेजारी 'आमच्याकडून चुकीनं झालं' असं पत्र जाऊन बसलं असतं तर काय झालं असतं, हे राज्यशास्त्राच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

"लेटरहेड असणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं, बेटा," मी म्हणालो. "अध्यक्षांना विचारावं लागेल. थांब, लावतो फोन."

मी पाण्याच्या कूलरपाशी गेलो आणि फोन कानाला धरला. लावला नाही, धरला. पुरेसा वेळ धरून परत आलो.

"उचलत नाहीत."

"अजून एक डाव लावा जी," पुनाजी म्हणाला. "मोठे मानसं. कामात राह्यतात."

मी अजून एकदा गेलो. या वेळी जास्त वेळ धरला. परत वळलो तर रक्षा कूलरशी उभी होती, हातात पाण्याचा ग्लास. मला प्यायला आणत होती. ती किती वेळ तिथे होती मला माहीत नाही. फोन कानाला धरण्याआधी त्याचा पडदा उजळला की काळाच राहिला, हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसतं, एवढंच मला माहीत आहे.

तिनं ग्लास माझ्या हातात दिला. मग बापाकडे जाऊन त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. एक वाक्य. पुनाजीनं दोन शब्दांत उत्तर दिलं आणि जमिनीकडे पाहत राहिला. मला गोंडी येत नाही. वीस वर्षं त्या भागातली मुलं शिकवतो, पण कधी गरज पडली नव्हती.

"सर," पुनाजी मान वर करून म्हणाला, पहिल्याइतक्याच आदरानं, "मंग आता काय करा लागंल?"

अशा वेळी माणसाला काहीतरी सुचतंच. मी म्हणालो, हे प्लॅस्टिक मशीनमध्ये गरम होऊन चिकटतं. जे उष्णतेनं चिकटतं ते उष्णतेनं सुटलं पाहिजे. फाटकाशी इस्त्रीवाला आहे.

इस्त्रीवाल्याचं नाव बंडूजी. कोळशाची इस्त्री, निंबाखाली गाडा. त्यांनी टी.सी. उलटीपालटी करून पाहिली.

"नोटा केल्या म्या इस्त्री. एकाचं लायसन भिजलं होतं, तेबी केलं. हे नाई केलं आजवर."

"हळूच करा जी," पुनाजी म्हणाला. "पोरीचं हाये."

"जमलं तं जमलं. मंग माह्यावर नाई आनायचं."

कडा उचलायला काही टोकदार हवं होतं. शोभाबाई आमच्यामागोमाग फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली.

"घ्या. नखानं नोका काढू, फाटंल."

या पिनेबद्दल मी नंतर बराच विचार केला. त्या बाईच्या मुलीची जागा या कागदावर अवलंबून होती. पण शोभाबाईंनी पिन दिली ती दुसऱ्याचं पोर काट्यावरून उचलावं तशी दिली. त्यात दुसरा काही हेतू नव्हता. शोधून सापडला असता तर मला थोडं हलकं वाटलं असतं.

बंडूजींनी टी.सी.वर ओला फडका टाकून इस्त्री फिरवली. वास सुटला. पिनेनं एक कोपरा सुटला. पुनाजीनं दोन्ही हातांनी तो धरला आणि ओढू लागला, बाभळीची साल काढतात तसा, सगळं लक्ष बोटांत. सुटत होतं. सगळेच वाकून पाहत होतो. बंडूजी म्हणाले, "येऊन राह्यलं, येऊन राह्यलं." अर्धं सुटलं तेव्हा मीच म्हणालो, "बघ, मी काय म्हटलं होतं?"

पुढची बाजू पूर्ण निघाली. मग मागची. पुनाजीच्या डाव्या हातात प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे होते आणि उजव्या हातात कागद.

कागद कोरा होता.

कागदालाही पापुद्रे असतात, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर गेला होता. रक्षाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, प्राचार्यांची सही, आमच्या कॉलेजचा गोल शिक्का, सगळं प्लॅस्टिकला चिकटून बसलेलं होतं. मागचाही गेला होता. उरला होता तो मधला कागद, जरासा खरबरीत, पांढराशुभ्र.

बंडूजींनी इस्त्री उभी करून ठेवली. सायकलवरून एक विद्यार्थी कपडे घ्यायला आला आणि थांबून राहिला.

रक्षानं कागद बापाच्या हातातून घेतला आणि चालू लागली. आम्ही मागे. पावणेपाच वाजले होते. तिनं तो खिडकीवर ठेवला. काजल मॅडमनी आधी कागद पाहिला, मग प्लॅस्टिक पाहिलं, मग रक्षाकडे पाहिलं. शिक्का त्यांच्या हाताशीच होता.

आता शिक्क्याला जागाच जागा होती.

"मी काय करू सांग," काजल मॅडम हळूच म्हणाल्या. "तूच सांग. मारून देते मी. पण कशावर मारला म्हणून सांगू?"

"नोका मारू मॅडम," रक्षा म्हणाली. "तुमची नोकरी जाईन."

ती हे माझ्याकडे न पाहता म्हणाली. पण म्हणाली.

प्रेमदास सर वरून खाली आले, पत्र आलं का विचारलं, आणि उत्तर न ऐकताच परत वर गेले. अजून पंधरा मिनिटं होती. दोन ओळींना पंधरा मिनिटं पुष्कळ होतात. बॅग माझ्या खांद्याला होती. पट्टा खांद्यात रुतत होता. मी तो दुसऱ्या खांद्यावर घेतला.

पाच वाजता काजल मॅडमनी प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव पुकारलं. स्वीटी उठली, परत बसली, मग शोभाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. त्यांची टी.सी. चौपदरी घडीची होती, घडीवर पिवळी पडलेली, एका कोपऱ्याला हळद लागलेली. शिक्का तिच्यावर एका दणक्यात बसला.

बस यायला वेळ होता. आम्ही कमानीखाली बसलो. थोड्या वेळानं शोभाबाई लगबगीनं आल्या. त्यांना खोली दाखवली होती.

"हा तुमचा का जी रुमाल? खाटेवर होता."

पुनाजीनं रुमाल घेतला. शोभाबाईंनी त्याची नीट घडी केली होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला, आणि पिशवीतून उरलेले दोन लाडू काढून रक्षाच्या मांडीवर ठेवले. रक्षा म्हणाली, "खिडकीची कडी घट्ट हाये. तिले सांगजा, वर उचलून मंग ओढा लागते."

परतीच्या एसटीत पुनाजीनं मला खिडकीशी बसवलं. "तुमचा दिवस गेला सर आमच्यापायी," तो म्हणाला. मी म्हणालो, "असं काही नाही."

पुढचं थोडक्यात. टी.सी.ची दुसरी प्रत काढायला प्राचार्यांची सही लागते, आणि प्राचार्य नव्हते. सात दिवसांची मुदत असती तर कोणालातरी सहीला बसवावंच लागलं असतं; आता घाई नव्हती. फाईल सप्टेंबरात हलली. अध्यक्ष माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "माणूस भरवशाचा आहे." त्या खुर्चीत बसून मी पहिली सही केली ती रक्षाच्या टी.सी.वर. वर लाल शाईत 'दुय्यम प्रत'. बाकीच्या चाळीस मुलांना काही त्रास झाला नाही. त्यातली बहुतेक आमच्याच वरिष्ठ महाविद्यालयात आली, आणि आमच्याकडे कागद उलटून कोणी पाहत नाही.

टी.सी. न्यायला बाप-लेक दोघं आले. रक्षा आता आईबरोबर रोपवाटिकेत जाते. नखांत माती होती. पुनाजीनं टेबलावर चारोळीची पुडी ठेवली. मी नको म्हणालो, तर म्हणाला, "असं नाई होत जी. कामाले संगं आलेल्या मानसाले खाली हात नाई ठेवत आमच्यात. तवा घाईत राहून गेलतं."

मी पुडी घेतली. टी.सी. त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन तळहातांवर आडवी धरली. खुर्चीच्या मागे भिंतीवर आता ते कात्रण होतं, फ्रेममध्ये. अध्यक्षांनी त्यांच्या काचेखालून काढून मला भेट दिलेलं. पुनाजीनं ते पाहिलं, मग टी.सी. पाहिली.

"सर, हे आता कशात ठेवू जी?"

तो खरंच विचारत होता. माझ्या तोंडात उत्तरही आलं होतं. प्लॅस्टिकची फाईल घे, म्हणणार होतो.

रक्षा दारातच उभी होती, आत आली नव्हती.

"आना इकडं बाबा," ती म्हणाली. "त्याह्यले नोका विचारू."